गायरान खाऊ द्यायचं आणि राखायचंही: दख्खनच्या कोरड्या माळावर चराईची आखणी

ही पद्धत पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, बीड, धाराशिव आणि सातारा-सांगलीच्या पूर्व भागातल्या माळांसाठी आहे. पाऊस ४०० ते ७०० मिलिमीटर, तोही लहरी. माती वीतभर, खाली मुरूम. चरायला मेंढरं, शेळ्या आणि थोडी गुरं. कोकणात किंवा विदर्भाच्या जंगलपट्ट्यात यातलं बरंच लागू पडणार नाही.

महसुली दप्तर अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणतं. ती पडलेली नसते. खालच्या विहिरींना मिळणारं पाणी याच उतारांवर थांबून मुरतं, गाळ अडतो तो गवताच्या ठोंबांनी, आणि चिंकारा, लांडगा, खोकड आणि धाविक, चंडोल हे पक्षी यांना माळ सोडून दुसरीकडे जायला जागा नाही. चारा हे माळाच्या अनेक उत्पन्नांपैकी एक. बाकीची कुणी मोजत नाही, एवढंच.

राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजारमुळे ‘चराईबंदी, कुऱ्हाडबंदी’ हे शब्द गावोगावी पोचले. पार उघड्या पडलेल्या डोंगरावर पहिली दोन-तीन वर्षं बंदी लागतेच, त्यात वाद नाही. पण तीच कायमची केली की कळप शेजारच्या गावाच्या माळावर जाऊन तो खरवडतात. आपल्या माळावर न खाल्लेलं गवत साठत जातं, ठोंब आतून वाळतात आणि वणव्याला आयतं इंधन मिळतं. आखूड गवतात वावरणारे धाविक आणि माळटिटवी तिथून हलतात. म्हणून बंदीपुढचं काम वेगळं आहे: जनावर माळावर कधी यावं, किती दिवस थांबावं आणि निघताना मागे काय उरलेलं असावं, हे ठरवणं.

आधी माळ वाचा

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. गवत तुऱ्यावर असतं, त्यामुळे ओळख पटते. मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी ही बहुवर्षायू गवतं ठोंबाठोंबाने दिसत असतील तर माळाची तब्येत बरी आहे. कुसळी गवताचंच राज्य असेल तर चराई किंवा आग, किंवा दोन्ही, जास्त झालेली आहेत. तरवड, तरोटा आणि गाजरगवत वाढलेलं असेल तर जनावरांनी चांगलं ते खाऊन नको ते मागे ठेवलं, असा सरळ अर्थ. तरवडाला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही.

नजरेवर विसंबू नका, शंभर पावलांची मोजणी करा. माळाच्या एका टोकापासून सरळ रेषेत चाला. प्रत्येक पावलाला चपलेच्या टोकाखाली काय आलं ते वहीत मांडा: बहुवर्षायू गवताचा बुंधा, एकवर्षायू गवत, इतर झाडोरा, वाळलेला पाला, दगड किंवा नुसती माती. शंभर पावलं झाली की आकडे हीच टक्केवारी. अशा किमान चार रेषा घ्या: एक पाणवठ्याजवळ, एक गावाजवळ, एक माथ्यावर आणि एक सगळ्यांत दूरच्या कोपऱ्यात. गावाजवळची आणि दूरची रेषा यांतला फरक बघितला की निम्मं दुखणं कळतं. बहुतेक माळांवर प्रश्न जनावरांच्या संख्येइतकाच, कधी त्याहून जास्त, ती एकाच जागी घुटमळण्याचा असतो.

गवत तोला, मगच जनावरं मोजा

लोखंडी सळईची किंवा बांबूची १ मीटर × १ मीटरची चौकट करा. माळावर ठरावीक अंतराने, समजा दर १०० पावलांवर, ती खाली ठेवा. चांगलं गवत बघून ठेवायची नाही. इथे हमखास फसगत होते, कारण हात आपोआप हिरव्याकडे वळतो. चौकटीतलं खाण्याजोगं गवत जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर कापा. तरवड, गाजरगवत यात धरायचं नाही. ४० हेक्टरच्या गायरानाला किमान २० चौकटी हव्यात. कापलेलं गवत वेगवेगळ्या पिशव्यांत भरून सावलीत वाळवा आणि वजन घटायचं थांबलं की तोला. ताज्या वजनावर हिशेब केलात तर चारा दुप्पट दिसेल.

वाळलेल्या गवताच्या ग्रॅमला १० ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. चौकटींची सरासरी १२० ग्रॅम आली तर हेक्टरी १,२०० किलो, म्हणजे ४० हेक्टरला ४८,००० किलो.

यातलं जनावराच्या पोटात जावं एक तृतीयांश, फार तर. निम्मं गवत उभं राहिलं पाहिजे, कारण त्याच पानांवर मुळांचा साठा आणि पुढच्या वर्षीचे फुटवे अवलंबून असतात. उरलेल्या निम्म्यातलं बरंच तुडवलं जातं, लेंड्या-शेणाने खराब होतं, वाळवी आणि टोळ खातात. म्हणजे हाती १६,००० किलो.

आता खाणारे. जनावर रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा खातं. ३० किलोच्या दख्खनी मेंढीला साधारण १ किलो, मध्यम गाईला ७ किलो. २५० शेळ्या-मेंढ्या आणि ४० गुरं असतील तर दिवसाला २५० अधिक २८०, एकूण ५३० किलो. सोळा हजाराला पाचशे तीसने भागा: ३० दिवस.

आकडा बघून दचकायला होतं, पण तो खरा आहे. गायरान बारा महिने सगळ्यांचं पोट भरेल ही समजूत इथेच सोडून द्यावी. गावची जनावरं वर्षभर जगतात ती पिकं निघालेल्या रानांवर, कडब्यावर, बांधाच्या गवतावर, बाभळीच्या शेंगांवर आणि कळपांच्या स्थलांतरावर. गायरान हा त्यातला एक हप्ता. तो कोणत्या महिन्यात वापरायचा याचा विचार म्हणजेच आखणी.

चार तुकडे, चार वर्षं

ओढा, पायवाट, जुना बांध, कातळाची कड अशा नैसर्गिक खुणांवरून माळाचे चार भाग पाडा. क्षेत्र सारखं नसलं तरी चालेल, गवत साधारण सारखं असावं. काटेरी तारेचं कुंपण घालू नका. खर्च तर आहेच, पण पळणारा चिंकारा तारेत अडकतो आणि कुंपणामागची जमीन मग हळूहळू कुणाची तरी खाजगी होते. चुना लावलेले दगड पुरतात. मेंढपाळाला हद्द कळते, मेंढरं तो वळवतोच.

पहिला तुकडा मृगाच्या पावसापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पूर्ण बंद. बी पडून जातं, रोपटी रुजतात. दुसरा ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद, मग खुला. तिसऱ्यात गवत वीतभर झालं की जनावरं घालायची, साधारण जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणजे पहिल्या पावसानंतर ४५ दिवसांनी. चौथा पावसाळाभर खुला. पुढच्या वर्षी चाक एका घराने फिरतं: ज्या तुकड्याने सगळा पावसाळा सोसला तो पूर्ण बंद, बंद होता तो उशिरा उघडणारा, उशिराचा लवकरचा आणि लवकरचा खुला. चार वर्षांत प्रत्येकाला एक पुरता विसावा मिळतो. माळ फारच उघडा असेल, शंभर पावलांत पन्नासच्या वर नुसती माती येत असेल, तर पहिली दोन वर्षं दोन तुकडे पूर्ण बंद ठेवा.

पहिल्या पावसानंतरचे ४५ दिवस एवढे का जपायचे? बहुवर्षायू गवत उन्हाळाभर बुंध्यात आणि मुळांत राखलेल्या साठ्यावर पहिली पानं काढतं. ती पानं कामाला लागून साठा परत भरायच्या आत खाल्ली तर गवत पुन्हा त्याच रिकाम्या होत आलेल्या साठ्यातून उसनं घेतं. दोन-तीन वर्षं असं झालं की ठोंब मरतो आणि त्या जागी एकवर्षायू गवत किंवा तरोटा येतो. नेमक्या याच दिवसांत मेंढपाळाच्या घरी चारा संपलेला असतो. म्हणून चौथा तुकडा खुला ठेवलेला असतो. तो काढून टाकला तर बाकीचे तीन कुणी पाळत नाही.

खुल्या तुकड्यातही कळप रोज त्याच वाटेने नेऊ नका. पावसाळ्यात चरलेल्या जागी आठ-दहा दिवसांत कोवळी पालवी येते आणि जनावर तिकडेच ओढ घेतं. त्या जागी पुन्हा २५ ते ३० दिवसांनी यावं. किती चरल्यावर निघायचं याला सोपं माप आहे: मेंढपाळाच्या काठीवर खालून १० सेंटिमीटरला खूण करा. ठोंबांची सरासरी उंची खुणेखाली गेली की पुढे सरकायचं. गुरं आधी आणि मेंढरं मागाहून घातली तर गवत नीट वापरलं जातं. गाय जिभेने ओढून उंच गवत तोडते, मेंढी अगदी जमिनीलगत कुरतडते. उलट क्रमाने नेलंत तर गाईला काही उरत नाही आणि ठोंबालाही.

कुसळीचं गणित उलटं

कुसळीच्या तुकड्याला वरचा नियम जसाच्या तसा लावू नका. कोवळी कुसळी जनावरं आवडीने खातात, पण सप्टेंबरनंतर तिची टोकदार कुसळं लोकरीत अडकतात, कातडीत रुततात, तोंडात जखमा करतात आणि डोळ्यात गेली तर मेंढरू आंधळंही होऊ शकतं. म्हणून कुसळीचा तुकडा जुलै-ऑगस्टमध्ये दाबून चारा, तुरा यायच्या आत बाहेर पडा आणि कुसळं गळून गेल्यावर, डिसेंबरच्या पुढे, परत या. लवकर चारल्यामुळे तिचं बी कमी पडतं आणि मधल्या मारवेल-पवन्याला उसंत मिळते. खुला तुकडा निवडताना पहिल्या वर्षी कुसळीचाच निवडा, एका दगडात दोन कामं.

पावसाळ्यात उरलेले कळप कुठे न्यायचे

याचं उत्तर नसेल तर वरचं सगळं कागदावर राहतं. सोलापूर, मंगळवेढा, माण, जत भागात काळ्या भारी रानांत खरीप घेत नाहीत, शाळूसाठी ती पावसाळाभर मोकळी ठेवतात. जून ते सप्टेंबर तिथे उगवणारं तण मेंढरांना उत्तम चारा आहे आणि शेतकऱ्याला ते काढायचंच असतं. मेंढरं बसवायची, म्हणजे लेंडीखतासाठी रात्री रानात ठेवायची, बोली आधी ठरवा: किती रात्री, मोबदला धान्यात की पैशांत, वाघूर (कळपाभोवतीची जाळी) कुठे लावायची, पाणी कोण देणार. पाऊस पडून गेलेल्या ओल्या काळ्या रानात मात्र त्याच दिवशी कळप घालू नये. माती चेंदली जाऊन ढेकळं होतात आणि पेरणीच्या वेळी शेतकऱ्याचा शिव्याशाप ऐकावा लागतो. वाफसा येऊ द्या.

मे महिन्यातच आंत्रविषाराची लस टोचून घ्या. पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत चाऱ्यावर मेंढरं एकदम तुटून पडली की पोटातले जंतू बेसुमार वाढतात आणि सगळ्यांत धडधाकट कोकरंच आधी दगावतात. माळ उशिरा उघडण्याचा हा एक आरोग्याचा फायदाही आहे.

दिवाळीनंतर बरेच कळप कोकणाकडे किंवा बागायती पट्ट्याकडे निघतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. हे स्थलांतर म्हणजे मुळात माळाला दिलेली विश्रांतीच आहे. ते बंद पाडून कळप एका गावात ‘स्थिर’ करण्याच्या सूचना मोठ्या उत्साहाने केल्या जातात. त्या करणाऱ्यांनी वरचा तीस दिवसांचा भागाकार एकदा स्वतः करून पाहावा.

बंद तुकड्यातलं गवत

हा तुकडा उन्हाळ्याची पेंढी. चारा म्हणून गवत कापायचं तर निम्मं फुलोऱ्यात असताना कापणं उत्तम, नंतर त्यातला कस उतरत जातो. पण सगळं तेव्हाच कापलं तर बी पडणार कुठून? तडजोड अशी: ऑक्टोबरमध्ये तुकड्याचे पट्टे पाडून एक आड एक पट्टा कापा. दहा मीटर कापलेलं, दहा मीटर उभं. उभे पट्टे डिसेंबरपासून चारायला मोकळे. विळा जमिनीपासून ८ ते १० सेंटिमीटरवर चालवा. माणशी एक विळा, ठरावीक दिवस, दर घरी सारख्या पेंढ्या हा जुना रिवाज अजूनही सगळ्यांत कमी भांडणाचा.

बी घालायची वेळ आलीच तर उभ्या पट्ट्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हाताने ओरबाडून घरचंच बी गोळा करा. ताजं बी पेरू नका, बऱ्याच गवतांचं बी काही महिने सुप्त असतं. पुढच्या जूनला ते तयार होतं. एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती, एक भाग वाळू कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा, नाहीतर हलकं बी वाऱ्याने आणि मुंग्यांनी जातं. हेक्टरी ५ ते ६ किलो बी पुरे. माती नुसती खरवडून टाका आणि एक सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नका. खोल गाडल्यामुळे बी वाया गेल्याची उदाहरणं खराब बियाण्यापेक्षा जास्त असतील. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेल आणि स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचे सुधारित वाण दिले आहेत, ते बांधावर आणि पार उजाड जागी लावा. स्टायलो मूळचं अमेरिका खंडातलं. जिथे पवन्या-शेडा शिल्लक आहे त्या माळात ते घुसवू नये.

वन्यजीवांसाठी वेगळा खर्च नाही, वेळ पाळावी लागते

भोवत्या हे शिकारी पक्षी हिवाळ्यात उंच गवतात जमिनीवर घोळक्याने रात्र काढतात. धाविक आणि चंडोलांना तोकडं गवत आणि उघडी जागा लागते. तणमोराला पावसाळ्यातलं गुडघाभर गवत हवं. म्हणजे एकाच माळावर उंच, मध्यम आणि आखूड असे तिन्ही तुकडे पाहिजेत, आणि चार तुकड्यांचं चाक नेमकं तेच देतं. सगळा माळ एकसारखा राखणं ही चूक, एकसारखा खरवडणं ही दुसरी.

लांडगीण हिवाळ्यात पिल्लं देते. ओढ्याच्या कडेला, टेकाडाच्या पोटात बीळ सापडलं तर त्या बाजूचा निदान पाचशे मीटरचा घेर फेब्रुवारीअखेर टाळा, आणि बीळ बघायला मोबाइल घेऊन झुंडीने जाणाऱ्यांना थांबवा. लांडग्याने मेंढी मारली तर मृत जनावर न हलवता वनरक्षकाला ताबडतोब कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. कोकरांना रात्री वाघरीच्या मधोमध ठेवा, कडेला नाही. वाड्यावरच्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्या. खोकड आणि लांडग्याला हे रोग कुत्र्यांकडूनच जातात. माळावर उकिरडा टाकला की मोकाट कुत्री वाढतात आणि ती चिंकाऱ्याची पाडसं धरतात. हॉटेलं आणि कोंबडीवाले वाढलेल्या गावांत आज लांडग्यापेक्षा हीच मोठी डोकेदुखी आहे.

पाण्याचं टाकं एकाच जागी असेल तर भोवतालचं अर्धा किलोमीटर रान उघडं पडणारच. उन्हाळ्यात मेंढीला दिवसाला ५ ते ६ लिटर, गाईला ५० लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्या हिशेबाने दोन-तीन लहान टाकी वेगवेगळ्या तुकड्यांत ठेवा आणि जो तुकडा बंद आहे तिथलं टाकं गुरांसाठी भरू नका. प्रत्येक टाक्यात दगड रचून उतार करा, नाहीतर त्यात पक्षी आणि सरडे बुडून मरतात.

चांगल्या हेतूने केलेली नासधूस

उघडा माळ दिसला की झाडं लावायची हौस अनेकांना येते. माळरान म्हणजे तुटलेलं जंगल, असं गृहीत धरून शेकडो खड्डे घेतले जातात. सेंटिमीटरागणिक बनलेली माती उलटी होते, वर आलेल्या मुरमावर गाजरगवत येतं, आणि जगलीच तर गिरिपुष्पाची ओळ सावली धरून गवत मारते. माळावर बोर, हिवर, खैर, बाभूळ विरळ असतात तेवढेच असू द्या. हेक्टरी बोटांवर मोजण्याइतकी झाडं पुरतात. सलग समतल चरांचंही तेच: वीतभर मातीच्या आणि गवत असलेल्या उतारावर ते खणू नयेत. पाणी जिथे खरोखर ओरखडे काढतंय त्या घळीत अनगड दगडांचे छोटे बांध घाला आणि बाकीचं काम ठोंबांवर सोडा.

वेडी बाभूळ मात्र निर्दयपणे काढा. शेळ्या-गुरं तिच्या गोड शेंगा खातात आणि बी शेणातून सगळीकडे पसरतं. ज्या कळपाने त्या शेंगा खाल्ल्या आहेत तो तीन-चार दिवस तरी बंद तुकड्यात नेऊ नका. रोप पावसाळ्यात माती ओली असताना मुळासकट उपटा. मोठं झाड जमिनीच्या वर तोडलंत तर दहा फुटवे येतील, बुंध्याभोवती खणून जमिनीखाली १० ते १५ सेंटिमीटरवर तोडावं लागतं. घाणेरीलाही हाच उपाय.

आग लावून ‘नवी पालवी’ आणायची सवय जुनी आहे. पालवी येते, पण पावसाआधी ती जळालेल्या ठोंबाच्या साठ्यावर येते आणि मेंढरं ती तिथल्या तिथे संपवतात. वर पालापाचोळा जळाल्याने पहिला वळीव सगळी माती घेऊन जातो. बंद तुकड्याभोवती डिसेंबरअखेर ४ ते ५ मीटर रुंदीची जाळरेषा काढून ठेवा, रस्त्याच्या बाजूने तर नक्कीच.

दुष्काळी वर्ष

निर्णयाची तारीख १५ ऑगस्ट धरा. तोवर नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी पाऊस झाला असेल तर वाट बघू नका. भाकड मेंढ्या आणि नर कोकरं सप्टेंबरमध्ये विका. दिवाळीनंतर सगळेच विकायला काढतात आणि बाजार कोसळतो. बंद तुकडा अशा वर्षीही नोव्हेंबरअखेरच्या आधी उघडू नका, उन्हाळ्याचा भरवसा तेवढाच असतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये चारा छावण्या लागल्या त्या अनेक ठिकाणी एक गोष्ट विसरली गेली: दुष्काळाच्या पुढच्या वर्षीचा पावसाळा गवतासाठी जास्त नाजूक असतो. त्या वर्षी ४५ नाही, ६० दिवस थांबा.

ठराव कधी आणि कसा

आधी सातबारा काढा. गायरान किंवा गुरचरण अशी नोंद आहे का, क्षेत्र किती, अतिक्रमण किती, हे मोजणी करून घ्या. गायरान राखून ठेवण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ मध्ये आहे, आणि गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात सगळ्या राज्यांना दिले आहेत. जमीन वनखात्याची असेल तर नियम वेगळे. तिथे वन हक्क कायदा, २००६ खाली सामूहिक चराईचा हक्क मागता येतो, आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी हक्कही त्यात स्पष्ट लिहिलेला आहे.

ग्रामसभा बहुधा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला होतात. चराईचा ठराव बहुतेक गावं १ मेला करतात आणि तिथेच फसतात. त्या दिवशी निम्मे मेंढपाळ बाहेरगावी असतात. ज्यांना पाळायचाय त्यांच्या माघारी झालेला नियम पहिल्या पावसातच मोडतो, आणि मग दोष त्यांच्यावर. पुढच्या वर्षाचा ठराव २ ऑक्टोबरला करा. कळप गावात असतात, गवत डोळ्यांपुढे उभं असतं, तोललेले आकडे हातात येण्याच्या बेतात असतात. १ मेला फक्त चुन्याचे दगड पुन्हा रंगवायचे.

ठरावात तुकड्यांच्या हद्दी, तारखा, काठीवरच्या खुणेचा नियम, दंड आणि बाहेरून येणाऱ्या कळपाला किती रात्री मुक्काम हे सगळं लिहा. बाहेरच्यांना सरसकट बंदी घातली तर आपल्या गावचे कळप कोकणात जातात तेव्हा त्यांच्याशीही तसंच वागलं जातं. शेळीवाल्या बाया आणि भूमिहीन घरं समितीत असली पाहिजेत. एक-दोन शेळ्यांवर घर चालवणारीला चार तुकड्यांची शिस्त सगळ्यांत महाग पडते. तिच्यासाठी बंद तुकड्यातून डोक्यावरचा भारा कापून न्यायला पावसाळ्यातही मुभा ठेवा.

काम होतंय का, हे कसं कळेल

प्रत्येक तुकड्यात १ मीटर लांबी-रुंदीचा तारेचा एक पिंजरा जूनमध्येच जमिनीवर ठोका. नोव्हेंबरमध्ये पिंजऱ्यातलं आणि शेजारचं मोकळं एक चौरस मीटर कापून, वाळवून तोला. आत २०० ग्रॅम आणि बाहेर ११० निघालं तर ४५ टक्के गवत गेलं. ५० च्या वर सलग दोन वर्षं जात असेल तर त्या तुकड्याच्या चराईचे दिवस कमी करायचे.

पाणी मुरतं का ते पाहायला १५ सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापून घ्या. पाच सेंटिमीटर जमिनीत दाबा, आत ४४० मिलिलिटर पाणी हळूच ओता. एवढ्या पाण्याची उंची अडीच सेंटिमीटर होते. ते मुरलं की पुन्हा तेवढंच ओता आणि या दुसऱ्या वेळेचं घड्याळ लावा. पहिल्यांदा कोरडी माती पाणी कसंही पिते, ती वेळ फसवी. बंद तुकड्यात आणि पाणवठ्याजवळ एकाच दिवशी ही चाचणी करा. जनावरांच्या खुरांनी दडपलेल्या जागी वेळ कितीतरी पट लागते, आणि ग्रामसभेत भाषणापेक्षा हे दोन डबे शेजारी शेजारी दाखवणं जास्त कामाचं ठरतं.

शंभर पावलांची मोजणी दर वर्षी दोनदा, त्याच रेषांवर: ऑक्टोबरअखेर आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात. मेचा आकडा महत्त्वाचा, कारण वळीव पडतो तेव्हा माळावर जे असतं तेच मातीला धरतं. बुंधे, पाला आणि दगड मिळून पन्नासच्या खाली येऊ देऊ नका. रेषेच्या सुरुवातीला खुंटी ठोकून तिथूनच, त्याच दिशेने एक फोटो काढा आणि वहीत तारीख, त्या हंगामाचा पाऊस, कोणता तुकडा कधी उघडला आणि किती जनावरं होती, हे शेजारी लिहा. पहिल्या वर्षी आकड्यांत फार काही हलत नाही. बहुवर्षायू बुंध्यांची संख्या साधारण तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यानंतर वाढू लागते, तोवर वही बंद करू नका.